ब्रेकवरचा विल्फ डॅनबी

आमच्या स्कार्सबीच्या कड्यावर वर-खाली करणाऱ्या दोन गाड्या आता विजेवर चालतात. वरच्या केबिनमध्ये बसलेली मुलगी बटण दाबते, गाडी निघते, थांबते. तिला कोणाकडे बघावंही लागत नाही. उन्हाळ्यात येणारे लोक फोटो काढतात, धक्क्यावर उभ्या उभ्या तळलेला मासा नि बटाटे खातात, संध्याकाळी बसनं परत जातात. या गाड्या पूर्वी पाण्यावर चालत असं पाटीवर लिहिलेलं आहे. पाण्यावर चालत हे खरं, पण माझ्या लेखी त्या विल्फ डॅनबीवर चालत.

विल्फ एकतीस वर्षं त्या ब्रेकवर होता. त्यातली शेवटची नऊ वर्षं मी खाली, तिकिटाच्या खिडकीत होते. माझा नवरा डेनिस समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला, तीन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. मी कॉलेजात इतिहास शिकले होते, आणि त्या इतिहासाचा स्कार्सबीत काही उपयोग नव्हता. घरात एकटीनं बसले की मला नाही नाही ते सुचे. फलाटावर आग लागली असेल, हेलिकॉप्टर पडलं असेल. खिडकीत बसलं की निदान समोर माणसं असत.

तेव्हा माणसं पुष्कळ असत. खाली किनाऱ्यावर बेरिल औथवेटची गाढवं, होड्यांचं तळं, त्यात पायानं चालवायचे पांढरे राजहंस, चोरट्या व्यापाऱ्यांची म्हणून दाखवली जाणारी ती ओली गुहा. कड्यावर प्रतिकृतींचं चिमुकलं गाव, जिथल्या चर्चचा कळस मोठ्या माणसाच्या कमरेला लागे, आणि बँडचा चौथरा. म्हणजे निम्मी मजा खाली, निम्मी वर, आणि मध्ये दोनशे चार पायऱ्या. मुलं असलेल्या माणसाला गाडीशिवाय गत्यंतरच नसे.

दोन गाड्या एकाच तारेला जोडलेल्या. एक वर असली की दुसरी खाली. दोघींच्या पोटात पाण्याची टाकी. वरच्या गाडीत झऱ्याचं पाणी सोडायचं. ती खालच्या गाडीपेक्षा जड झाली की उतरू लागे आणि तिच्या ओढीनं खालची चढे. खाली आलेल्या गाडीचं पाणी समुद्राकडे सोडून द्यायचं. यात शिकण्यासारखं काही नाही असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. पण पाणी किती सोडायचं? कमी पडलं तर गाडी जागची हलत नसे. जास्त झालं तर ब्रेक किंचाळे, आणि पाणी वाया गेलेलं विल्फला मुळीच खपत नसे. वरून खालच्या गाडीतली माणसं दिसत नसत, म्हणून मी घंटा वाजवायची. दोन मोठ्या माणसांना एक ठोका, चार मुलांना एक. कोणी अंगानं चांगलंच भरलेलं असेल तर एक लांब ठोका. साध्या ठोक्यांची दोरी टेबलावर होती. लांब ठोक्याची कळ मात्र टेबलाखाली, पायाशी.

पहिल्या दिवशी विल्फनं मला ती कळ दाखवली आणि म्हणाला, "ही दाबताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, हसायचं, हवा छान आहे म्हणायचं. माणूस सुट्टीवर आलाय पोरी, वजन करून घ्यायला नाही."

एवढा मोठा उपदेश त्यानं मला पुन्हा कधी केला नाही. उंच, वाकलेला, मान पुढे काढलेला माणूस. टोपी घरातही काढत नसे असं त्याची बहीण एथल सांगायची. तोंडात पाइप, पण केबिनमध्ये विस्तवाला मनाई असल्यामुळे तो नेहमी विझलेला. त्याच्याशी माझं बोलणं चाले ते पितळेच्या नळीतून. कड्याच्या पोटातून गेलेली ती नळी एका टोकाला माझ्या कानाशी, दुसऱ्या टोकाला त्याच्या. त्यामुळे विल्फचा चेहरा मला दिवसातून दोनदा दिसे आणि आवाज दिवसभर.

ठोके ऐकून तो पाणी सोडे, आणि मग ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून बाकीचं हातानं ओळखे. नळ किती वेळ उघडा ठेवायचा ते तो मनात मोजायचा. गावातल्या माणसांना तर ठोकेही लागत नसत. मी नुसतं नाव सांगायची. पाद्रीबाबा म्हटलं की एवढं, पोस्टातल्या जुळ्या बहिणी म्हटलं की तेवढं. अख्ख्या गावाचं वजन त्याच्या डोक्यात होतं आणि त्यातलं एक अक्षर त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. त्याच्या आधीच्या ब्रेकवाल्यानंही सांगितलेलं नव्हतं. तो त्या कामाचा धर्मच होता. कोणी लग्नाआधी बारीक झालं, कोणाला दिवस गेले, हे आईबापांच्या आधी ब्रेकवाल्याला कळे आणि त्याच्यापाशीच राही.

बेरिल मात्र त्याला सोडायची नाही. गाढवांना खरारा करून, बूट आपटत ती माझ्या खोपटात शिरे आणि नळीला तोंड लावून विचारे, "काय रे विल्फ, आज माझ्यासाठी किती बादल्या?"

"तुझी गाढवं बरी आहेत ना?" विल्फ विचारी.

"मी माझं विचारतेय. ईस्टरपासून पाव सोडलाय मी."

"पाव सोडलास ते ब्रेकला कोणी सांगितलेलं दिसत नाही," असं तिचा नवरा गाडीतून ओरडे. विल्फ नाही. विल्फ फक्त नळ उघडी.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात मी एक घोळ घातला होता. कोळशाच्या खाणीतल्या लोकांचा एक बँड वरच्या चौथऱ्यावर वाजवायला आला होता. चौदा माणसं. मी सात ठोके दिले. गाडी हलेना. विल्फनं आणखी पाणी सोडलं, तरी हलेना. शेवटी नळीतून आवाज आला, "ऑड्री, या लोकांच्या खिशात नांगर आहेत का?" मी बाहेर येऊन पाहिलं तर प्रत्येकाच्या मांडीवर पितळेचं धूड, आणि दोघांच्या मध्ये ढोल. मी माणसं मोजली होती, वाद्यं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी चुकले की विल्फ नुसतं "ढोल" म्हणायचा.

माझी मुलगी हेझल तेव्हा सहा वर्षांची होती. आमचं घर खालच्या कोळीवाड्यात, शाळा वर. हंगाम ईस्टरला सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटी संपे, आणि तेवढे महिने हेझल सकाळच्या पहिल्या फेरीनं वर जाई. ही फेरी तपासणीची असे. तिकिटं त्यानंतर सुरू होत. गाडीत ती एकटीच, पाठीला दप्तर. मी घंटाही वाजवत नसे. विल्फ म्हणायचा, "तिला यायचंय हे मला माहीत असतं." वरून उतरून शाळेकडे पळण्याआधी ती केबिनच्या काचेवर टकटक करी आणि विल्फ टोपीला हात लावी. हिवाळ्यात गाड्या बंद, तेव्हा ती पायऱ्यांनी जाई आणि मी खालून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राही.

हेझल चौदा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात ती अंगात जाड स्वेटर घालून घरात वावरू लागली. जेवताना ताट हातात घेऊन खोलीत जाई, अभ्यास आहे म्हणून. शाळेत पोटभर खाल्लं म्हणे. मी आई आहे, मला काळजी करायचं निमित्त लागत नाही, आणि तरीही मी हे पाहिलं नाही. डेनिसच्या फलाटावरच्या वादळांची मी रात्रंदिवस काळजी केली, आणि माझ्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. मुली त्या वयात उंच होतात, बारीक दिसतात, असं मी स्वतःला सांगितलं. आणखी कोणीच काही म्हणालं नाही, तेव्हा मला ते पटलंही.

ईस्टरला गाड्या सुरू झाल्या. दहाएक दिवसांनी, एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास, खिडकीसमोर ही एवढी रांग असताना वरच्या गाडीचा ब्रेक अडकवल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. नळीतून हाक मारली, उत्तर नाही. साठी ओलांडलेला माणूस, एकटा वर. मी बेरिलला हाक मारणार तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "अरे, तो बघा कोण येतोय." पायऱ्यांवरून विल्फ उतरत होता. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. हंगामात, कामाच्या वेळेत, ब्रेक सोडून तो खाली आलेला मी आठ वर्षांत पाहिला नव्हता. माझ्या आधीच्या कोणीही पाहिला नसणार.

त्यानं लोकांना सांगितलं की वीस मिनिटं लागतील, तोवर गुहा बघून या. मग तो माझ्या खोपटात आला, दार लावून घेतलं आणि उभाच राहिला.

"नळीतून बोलण्यासारखं नव्हतं," तो म्हणाला.

मी विचारलं काय झालं.

"हेझलला ऑक्टोबरात मी वीस मोजायचो. नळ उघडायचा, वीस मोजायचे, बंद करायचा. आता चौदा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मला जो राग आला तसा राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल. माझ्या पोरीचं वजन करायला तुम्हाला कोणी सांगितलं, असं मी विचारलं. इतकी वर्षं कोणाचं काही बोलला नाहीत, आणि तोंड उघडलंत ते एका मुलीसाठी? ती माझी आहे, तिला मी रोज बघते. मी आणखीही बरंच बोलले. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार, हेही बोलले. विल्फनं सगळं ऐकून घेतलं. टोपी काढून हातात घेतलेली होती, ती पुन्हा डोक्यावर ठेवली.

"मी रोज मोजतो, म्हणून सांगितलं," एवढंच म्हणाला, आणि पायऱ्या चढू लागला. खालची गाडी त्याच्याशिवाय वर जाऊ शकत नव्हती. दोनशे चार पायऱ्या त्याला गुडघे धरत चढताना मी बघितलं, आणि तरी माझा राग गेला नाही. कारण आत कुठेतरी मला ठाऊक होतं की तो खरं सांगतोय.

घरी जाऊन मी हेझलला विचारलं. तेही कसं विचारलं, तर हसत हसत, की विल्फ म्हणतो तुला हल्ली वीसऐवजी चौदाच मोजावे लागतात, खरं का गं? ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "मम, विल्फ म्हातारा झालाय. त्याला आकडे तरी आठवतात का?" आणि तिनं माझ्यासमोर एक बटाटा खाल्ला. मला एवढं बरं वाटलं की मी तिच्या ताटात दुसरा वाढायचीसुद्धा विसरले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी, पहिली फेरी वर गेल्यावर, मी नळीत तोंड घालून विचारलं, आज किती? आदल्या दिवसाचा राग होताच आवाजात. विल्फ जरा वेळानं म्हणाला, "वीस."

"बघा," मी म्हटलं.

पुढचे दोन आठवडे मी रोज विचारी आणि तो रोज वीस म्हणे. मी बेरिललाही सांगितलं की विल्फचं वय झालंय, गाड्यांच्या कमिटीनं त्याला आता विश्रांती द्यायला हवी. बेरिलनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी विषय बदलला.

मे महिन्यातल्या एका सोमवारी मी नेहमीसारखं विचारलं, तर नळीतून आकडा आला नाही.

"ऑड्री," विल्फ म्हणाला, "ते वजन एका रात्रीत परत आलं."

"मग?"

"माणसाचं वजन एका रात्रीत परत येत नाही."

मी हातातली तिकिटं खाली ठेवली.

"मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "ढोल."

त्या संध्याकाळी हेझल आंघोळीला गेली तेव्हा मी तिचं दप्तर उचललं, आणि ते मला एका हातानं उचलेना. वह्यांच्या खाली, तिच्या खेळाच्या सदऱ्यात नीट गुंडाळून ठेवलेले आमच्या किनाऱ्यावरचे गोटे. करडे, गुळगुळीत, धुऊन पुसलेले. मी ते एकेक करून स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडले आणि त्यांच्यासमोर बसले. विल्फ मोजतो हे तिला मीच सांगितलं होतं. ते हसत हसत सांगितलं होतं मी. आणि माझी अर्धी झालेली पोर त्या दिवसापासून रोज सकाळी स्वतःच्या हरवलेल्या वजनाएवढे दगड पाठीवर घेऊन निघत होती, मला बरं वाटावं म्हणून.

ती केस पुसत आत आली, टेबलाकडे पाहिलं, आणि जे काही झालं ते लिहिण्यासारखं नाही. ती ओरडली, मी ओरडले, दार आपटलं. सकाळी ती रिकाम्या पाठीनं घरातून निघाली. शाळेला जायचा तिचा विचार नव्हता. ती गाडीत बसली, वर गेली, आणि काचेवर टकटक न करता सरळ केबिनचं दार उघडून आत शिरली. मला हे कळलं कारण विल्फनं नळीचं झाकण लावलेलं नव्हतं. त्यानं ते मुद्दाम लावलं नाही की विसरला, हे मी त्याला नंतर कधीही विचारलं नाही.

"तुम्ही आईला का सांगितलंत?" हेझलचा आवाज आला. "तुमचा काय संबंध?"

"काही नाही," विल्फ म्हणाला.

"मग?"

"बस तिथं. त्या डब्यावर नको, तो ग्रीसचा आहे. स्टुलावर."

"मला बसायचं नाही."

"मग उभी राहा. मला आधी हे खोळंबलेले लोक सोडू दे."

खाली लोक आले होते. मी दोन ठोके दिले, तिसरा चुकून पडला. गाडी निघाली, पोचली. पाणी सुटल्याचा आवाज झाला. मग विल्फ बोलू लागला, नेहमीच्याच आवाजात, हवेबद्दल बोलावं तसा.

त्याची बायको एल्सी मी नोकरीला लागण्याच्या बऱ्याच आधी वारली होती. तिच्याबद्दल तो बोलत नसे, म्हणून गावातही कोणी बोलत नसे. ती दर गुरुवारी त्याचं जेवण घेऊन दुपारच्या पहिल्या गाडीनं वर येत असे. लग्न झाल्यापासूनची रीत. गाडीत एकटीच असे.

"एका उन्हाळ्यात मला तिच्यासाठी पाणी कमी लागायला लागलं," विल्फ सांगत होता. "जूनमध्येच कळलं मला. भाचीचं लग्न होतं, मला वाटलं नव्या कपड्यांसाठी बारीक होतेय. इथं बसून कोणाच्या वजनाबद्दल बोलायचं नसतं. मी गावाला बोललो नव्हतो, तिलाही बोललो नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. दर गुरुवारी थोडं कमी. आणि मी या स्टुलावर बसून तिनं आणलेलं जेवत होतो."

वर दांडा करकरल्याचा आवाज आला.

"डॉक्टर म्हणाला, जूनमध्ये आणलं असतंत तर."

"तर काय?" हेझलनं विचारलं.

"तेवढंच म्हणाला. पुढचं त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही."

"मला तसलं काही झालेलं नाही."

"नसेल. मला काय कळतं? मला पाणी कळतं."

खिडकीशी एक बाई चिमुकल्या गावासाठी तिकीट वेगळं लागतं का म्हणून विचारत होती. मी तिला हातानं थांब म्हटलं आणि कान नळीला लावला.

"सगळ्यांना वाटेल मी मुद्दाम करते," हेझल म्हणाली.

"करतेस का?"

"आधी करत होते." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "आता थांबवता येत नाही."

विल्फ म्हणाला, "हां. होतं तसं. पावसात तार ओली झाली की ब्रेक धरत नाही. कितीही दाब. तेव्हा एकट्यानं दांड्याशी झटत बसायचं नसतं."

"मग काय करायचं?"

"खाली हाक मारायची." आणि त्याचा आवाज जवळ आला, नळीत. "ऑड्री, आहेस का गं खाली?"

"आहे," मी म्हटलं.

"पाटी उलटी कर आणि गाडीत बस. तुला वर घेतो."

मी खिडकी बंद केली. चौकशी करणाऱ्या बाईला सांगितलं की गाड्या थोडा वेळ बंद आहेत. ती म्हणाली, ही काय पद्धत झाली, आम्ही हल शहरातून आलोय. बेरिलनं तिच्या मुलांना गाढवावर बसवलं आणि मला गाडीत ढकललं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या गाडीतून एकटी वर गेले. वर केबिनच्या दारात हेझल उभी होती, विल्फचा कोट अंगावर घेतलेला. तो तिला इतका मोठा होता की आत कोणी आहे की नाही असं वाटावं.

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. आमचे डॉक्टर चांगले होते. त्यांनी तिला शहरातल्या रुग्णालयात पाठवलं आणि ती अख्खा उन्हाळा तिथं होती. डेनिसनं फलाट सोडला आणि बंदरात कमी दर्जाचं काम धरलं. मी रविवारी तिला भेटून येई आणि सोमवारी खिडकीत बसे. विल्फ सकाळी नळीतून विचारी, "काय म्हणते?" मी कधी सांगे, कधी सांगू शकत नसे. तेव्हा तो म्हणे, "बरं. पुढचे किती आहेत?" आणि मी लोक मोजू लागे. त्या मोजण्यानं मला सावरलं असं आज वाटतं.

मी त्याची माफी मागितली ती जुलैत. तुम्हाला मूल नाही असं मी बोलले होते ते मला टोचत होतं. विल्फ म्हणाला, "नाहीच आहे मला मूल. त्यात तू खोटं काय बोललीस?" मग म्हणाला, "गुडघे मात्र अजून दुखतात."

सप्टेंबरात हेझल घरी आली. दुपारचं जेवण कोणाच्या तरी सोबतीनं करायचं अशी रुग्णालयाची अट होती. शाळेतली एक शिक्षिका तयार होती. मी म्हटलं, मी खिडकी सोडून घरी येईन. हेझल दोन्हीला नाही म्हणाली. तिला विल्फच्या केबिनमध्ये जेवायचं होतं. आम्ही चकित झालो. डेनिसनं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही सगळे माझ्या घासाकडे बघता. त्याला रुळाकडे बघावं लागतं."

आणि तसंच झालं. साडेबाराला ती शाळेतून केबिनमध्ये येई. स्टुलावर बसून डबा उघडे. विल्फ तिच्याकडे पाठ करून दांड्याशी उभा. एका हातात ब्रेक, दुसऱ्या हातात सार्डिनचं सँडविच. ते काय बोलत ते मला माहीत नाही, कारण आता तो नळीचं झाकण आठवणीनं लावून घेई. डबा कधी भरलेलाच परत येई, कधी अर्धा. मी तो घरी उघडून बघत असे, आणि काय दिसलं ते तोंडावर दिसू न देण्याचा प्रयत्न करत असे. ते मला नीट कधीच जमलं नाही. ऑक्टोबरात हंगाम संपला, पण विल्फ हिवाळ्यातही वरच असायचा. तारांना तेल, गाड्यांना रंग, खिडक्यांना लांबी. त्यामुळे त्यांची साडेबाराची बैठक चालू राहिली. पाऊस असला तर हेझल पायऱ्यांवरून घसरेल म्हणून माझा जीव टांगणीला, आणि वर त्या दोघांना त्याचा पत्ता नाही.

हेझल आज लीड्समध्ये राहते, तिला दोन मुलगे आहेत, आणि आठवड्यातून एकदा ती फोन करते तेव्हा मी अजूनही तिच्या आवाजात वजन शोधते. ती ओळखते. म्हणते, "मम, जेवले मी." विल्फला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या शेवटच्या दिवसांत ती रोज त्याच्याजवळ बसायला जायची. राजहंसांच्या होड्या कोणीतरी विकत नेल्या, गाढवांची जागा गाड्यांच्या पार्किंगनं घेतली. चिमुकलं गाव आहे, कळस दोनदा नवा बसवलाय. मी अजून खाली कोळीवाड्यातच आहे, आणि पाणी सुटल्याचा तो आवाज मला नाही म्हटलं तरी अधूनमधून ऐकू येतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या पुढच्या ईस्टरनंतरच्या एका शुक्रवारचं. एथल दर शुक्रवारी भावासाठी नासवलेल्या दुधाचा, बेदाणे घातलेला टार्ट करून पाठवायची. आठवड्यातून एकच, तळहाताएवढा. विल्फ तो सगळं काम आटोपल्यावर, चारच्या सुमारास खात असे. त्याची वाट तो गुरुवारपासून बघायचा. त्या दिवशी पाऊण वाजता, खिडकीसमोर चांगली गर्दी असताना, नळी बोलू लागली.

"ऑड्री, तुझ्या पोरीनं माझा टार्ट खाल्ला."

"कोणी?"

"तुझ्या पोरीनं. किती पोरी आहेत तुला? मी मागे वळलो तर डबा रिकामा."

"सगळा?"

"बेदाणासुद्धा ठेवला नाही. आणि विचारलं पण नाही गं. विचारायला काय झालं होतं?"

मागून हेझल काहीतरी म्हणाली आणि हसली. मी विल्फला सॉरी म्हणायला हवं होतं. समोरची बाई दोन मोठे आणि तीन लहान मागत होती, आणि मला तिकिटं धड दिसत नव्हती. तिनं मला स्वतःचा रुमाल दिला आणि विचारलं, वाईट बातमी आहे का?

मी नकारार्थी मान हलवली. पण विल्फला खरंच राग आला होता. सोमवारपर्यंत तो हेझलशी धड बोलला नाही.